पडवी सारवू नकोस

शकू,

या देशात कायद्याशिवाय कुणी कुणाच्या अंगाला हात लावू शकत नाही. म्हणून आज पोलिसांनी तुझ्या भावाला बुटांनी तुडवून नेलं. धरणाचं पाणी मुंबईला आणि आपल्याला टँकर, असं प्रणय सभेत बोलला होता. त्याचे दोन दात पडले. पडवीतलं रक्त राहू दे, वकीलबाई फोटो काढायला येतायत. शेजारची बारकीकाकी "दारात रगत बरं नाय गो" म्हणत सारवायला बसेल, तिला थांबव.

बाप असून मी मध्ये पडलो नाही, फक्त चष्मा काढून खिशात ठेवला. हे तुझ्या आईला सांगू नकोस.

सूज उतरायच्या आत डॉक्टरी तपासणी मागायला शहापूरच्या कोर्टात चाललोय. त्याने कुणाला भडकवलं नाही, असं सांगणारे साक्षीदारही लागतील. सभेला आम्ही नऊ जण होतो, त्यातले सहा पोलीस.