चितरीनं हाक ओळखली होती

माय,

उद्या तुझं तेरावं. पहाटेच्या गाडीनं परतूरहून निघायचंय, आणि आज हे लिहिल्याशिवाय मला केदारखेड्यात पाय ठेववणार नाही.

तुला न्यायला माणसं जमली होती, तेव्हा शेजारची शेवंतामावशी दारात कुणाला तरी म्हणाली, "बाई गरीब होती बिचारी. त्या कोंबडीचं तेवढं सोडलं तर." अगं, तू अजून अंगणात होतीस! आणि मी पुन्हा गप्प बसले, माय.

सरकारी सुकडी खाऊन काढलेल्या दुष्काळानंतरचं ते साल. मी सहावीत होते, तू कापूस वेचायला जायचीस. घरी कोंबड्या चार. दाणे टाकले की तांबडी पहिली, चितरी दुसरी, बाकीच्या मागून. मधे कुणी शिरलं की टोच बसायची. मी हसायचे, तर तू म्हणायचीस, "हसू नको, त्यांच्यातबी मानपान राह्यतो." तुझी "तीऽ ती ती" ऐकली की चितरी उकिरड्यावरून पंख पसरून धावत यायची. माझ्या हाकेला ढुंकूनही बघायची नाही, मेली!

मग ती खुडूक बसली. अंडी बंद. तू मला बजावलंस, "दुपारी बादलीत बुचकळून काढ. चार दिवसांत डोकं थंड व्हईल. पण बसल्या जागी धर, बरं का. हाक मारून धरू नको. हाकेला दगा करू न्हाई."

धरायला गेले तर तिनं बोट फोडलं माझं. मंग मी काय केलं सांगू? ती दाणा टिपायला उठली की दाराआड उभी राहून तुझ्या आवाजात हाक मारायची. बिलकुल तुझ्यासारखी. वेडी धावत यायची, की धरली आणि घातली बादलीत. पहिल्या दिवशी धावत आली. दुसऱ्या दिवशी थांबत थांबत आली. तिसऱ्या दिवशी हाक ऐकून कणगीमागं पळाली. किती जल्दी शिकली गं! मला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच आठवड्यात शेवंतामावशी आपल्या दारात येऊन ओरडली, "माझी हरवलेली कोंबडी हिनंच दाबली!" तिचीही चितकबरीच होती ना. तू शांतपणे म्हणालीस, "पिल्लापासून मी वाढवली तिला. सोडा मोकळी. माझ्या हाकेला आली न्हाई, तर तुमची." माय, एवढी खात्री कशाला दाखवलीस? आधी मला एका शब्दानं विचारलं असतंस तर!

दिवस मावळायच्या आधी शेजारच्या तात्यांनी दोन्ही घरांच्या मधोमध चितरीवरचं डालं उचललं. सगळी गल्ली जमलेली. मी तुझ्या मागं, तुझा पदर मुठीत धरून. आता काय होणार, हे त्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं.

तू हाक दिलीस. चितरीनं मान वर केली, तुझ्याकडं बघितलं, आणि फडफडत शेवंतामावशीच्या उघड्या दारात शिरली.

लोक हसले. तरी तू बोट दाखवून सांगत होतीस, "तात्या, बघा की, त्यांच्या कोंबड्या तिला टोचून राह्यल्या! घरची असती तर टोचलं असतं का?" बराबर बोलत होतीस तू! कुणी ऐकलं? तात्या म्हणाले, "निकाल लागला, बाई," आणि उठून गेले.

तेव्हा बोलायला मला तोंड नव्हतं का? होतं. मार बसेल म्हणून भ्याले. घरात येऊन तू खाली बसलीस आणि म्हणालीस, "जनावर खोटं करत न्हाई. माझंच कुठं तरी चुकलं असन." त्यानंतरच्या बाजारी उरलेल्या तिन्ही नेऊन दिल्यास, आणि पुन्हा कधी कोंबडी पाळली नाहीस. अगं, तुझं काय चुकलं होतं? मला एकदा तरी खोदून विचारायचंस! दोन रट्टे घातले असतेस, तर सगळं ओकले असते मी. तू विचारलं नाहीस याचा आजही मला राग येतो, आणि मंग स्वतःचीच लाज वाटते.

हे काल घरी सांगितलं, तर आमचे हे म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? तुझ्याच माहेरात तुझी छी-थू व्हईल." होऊ दे.

उद्या पंगत बसेल. शेवंतामावशी असेल, तात्या असतील, त्या दिवशी हसलेली सगळी असतील. पानं वाढून झाली की मी मधोमध उभी राहणार. माझी आई चोर नव्हती, तिच्या आवाजात हाक मारून मी त्या कोंबडीला दगा दिला, हे मी सांगून होईस्तोवर कुणाला पहिला घास घेऊ देणार नाही. आवाज कापला तरी थांबणार नाही, माय. या खेपेला तुझ्या मागं लपायची सोय नाही.

तुझी,
सुमन