बाहेर नेलेला होकार

रविवार, १२ जानेवारी
दुपार

भाई,

अस्सलाम अलैकुम. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही दोघी मायलेकी ठीक आहोत. माझा गुडघा आहे तसाच आहे, लेकीची परीक्षा तोंडावर आली आहे. भाभींची तब्येत कशी आहे ते कळवा.

झाली खुशाली. एरवी आपलं एवढ्यावरच भागतं. पण यावेळी तुम्ही चार पानं लिहिलीत. चार पानं! अब्बा गेल्यावर वर्षभरात तुमच्याकडून अर्धं पान आलं नव्हतं. आणि फोन तुम्ही करणार नाही, कारण फोनवर समोरचा माणूस लगेच उत्तर देतो.

चार पानांचा मतलब चार ओळींचा. येत्या शुक्रवारी तुमच्या मुलीचा निकाह आहे. मुलगा तुमच्या गोदामवाल्या शेठचा. मुलगी 'जरा कुरकुर करतेय'. तेव्हा फुफूने, म्हणजे मी, गुरुवारीच यावं, तिच्या शेजारी बसावं आणि तिची समजूत काढावी, कारण 'ती तुझं ऐकते'. वा! तेरा वर्षांपूर्वी मी खुला, म्हणजे स्वतःहून तलाक, मागून नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा त्याच शेठच्या भीतीने तुम्ही मला मागच्या दाराने घरात घेत होता. आता त्याच शेठच्या घरात तुमची मुलगी पाठवायला मी चालते. अडला माणूस किती गोड लिहितो, बाई! 'लाडकी बहीण' काय, 'अब्बांची सावली' काय. वाचून मला हसू आवरेना.

मुलगी बघायला ते लोक आले त्या दिवशी मी तुमच्याकडेच होते, हे विसरू नका. शेठाणीच्या नजरेस पडू नये म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवलंत. बसले. पण तुमच्या स्वयंपाकघराचं दार नीट लागत नाही, आणि मी दिवसभर दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवणारी बाई. मला माणूस आधी तोंडातच दिसतो. शेठाणीचे वरचे चार दात बसवलेले आहेत आणि त्यांचा रंग साफ चुकलाय. पुढचे चार पांढरेफेक, बाकीचे चहाच्या रंगाचे. त्या दातांनी ती तुमच्या मुलीला म्हणाली, "चालून दाखव गं जरा." तुम्ही समोर बसून दात काढत होता. मुलाचे दात मात्र त्याचे स्वतःचे आहेत. त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं मला तेवढंच सापडलं.

मग तुम्ही मोठ्या आवाजात जाहीर केलंत, की आमच्या दीनने, आमच्या धर्माने, मुलीलाही मुलगा बघायचा हक्क दिलाय, त्यांना दहा मिनिटं बोलू द्या. बरोबर आहे, दिलाय. दार उघडं ठेवून दोघांना आतल्या खोलीत बसवलं आणि ती खोली स्वयंपाकघराला लागून आहे. त्याने विचारलं, "फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत?" तिने सांगितलं, मैत्रिणींचे आणि औषधांच्या दुकानातले, मी तिथे काम करते. तो म्हणाला, "ते बंद होईल." मग तिने विचारलं, "तुम्ही गोदामात नक्की काय करता?"

"सगळं बघतो."

"बघता म्हणजे काय करता?"

तर तो सत्तावीस वर्षांचा घोडा दाराकडे तोंड करून ओरडला, "अम्मी, झालं आमचं!"

तो पाच वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखते. मी त्या घरची पुतणसून होते तेव्हा त्याच्या हातून काही फुटलं की तो मोलकरणीच्या नावाने गळा काढायचा, आणि आई त्याच्या हातात बिस्किट द्यायची. दोन घरांनी त्याला नकार दिलाय, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिसरं घर नकार देणार नाही, कारण त्या घराचा मालक त्यांच्या गोदामात चावी सांभाळतो.

आणि भाभींचा इस्तिखारा! भाभींनी नमाज पढून कौल मागितला आणि स्वप्नात पांढरी चादर दिसली, म्हणून तुम्ही निश्चिंत. अहो, इस्तिखारा म्हणजे अल्लाहकडे सल्ला मागणं. ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने तो मागायचा असतो. चादर भाभींच्या स्वप्नात आणि नांदायचं पोरीने? नवऱ्याने मुलीला द्यायच्या मेहेरचंही तेच. तिचा हक्क, पण चार पुरुषांनी चहा पिता पिता ठरवून टाकला आणि तुम्ही मला लिहिता की 'पैगंबरांच्या सुन्नतीप्रमाणे अत्यंत साधेपणाने ठरलं'. साधेपणा कसला डोंबलाचा. तिला आत जाऊन कुणी विचारलंसुद्धा नाही.

इथपर्यंत मी वाचलं, चिडले, हसले. मग तिसरं पान आलं. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'आता ती काही बोलत नाही, गप्प असते, म्हणजे तयारच आहे म्हण ना. कुमारिकेचं मौन हाच तिचा होकार, हे तर शरीयतनेच सांगितलंय.'

ते वाचून मी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. बुधवारी माझ्या हातून लागोपाठ दोन साचे बिघडले. तेरा वर्षांत माझं प्लास्टर कधी पातळ झालं नव्हतं. मालकीणबाईंनी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, भाऊ. त्यांनी मला लवकर घरी पाठवलं.

तुम्ही अर्धीच गोष्ट लिहिलीत, भाई. मुलगी लाजेने गप्प राहिली तर तो होकार धरतात. पण तिने तोंडाने नाही म्हटलं तर तो नकार, आणि मग निकाह होत नाही. एवढं तर तुमच्या मशिदीत झाडू मारणाऱ्यालाही माहीत असेल. आणि तुम्हाला तर ते त्याच्याहून चांगलं माहीत आहे. का, ते मी बावीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आज सांगते. आणि आता हे 'तुम्ही-तुम्ही' पुरे झालं, लहानपणी मी तुला तू म्हणायचे.

माझ्या निकाहच्या दिवशी तू माझा वकील होतास. मुलीकडून होकार घेऊन तो काझींना बाहेर सांगायचा, एवढंच त्या वकिलाचं काम. अब्बा बाहेर पुरुषांत बसले होते. त्यांनी तुला दारातच थांबवून सांगितलं होतं, "नीट विचार हं तिला. तिच्या मनाविरुद्ध मला काही नको." हे मी आतून ऐकलं होतं. दोन साक्षीदार तुझ्याबरोबर आले. एक आपले थोरले चाचा, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दुसरा तुझा गोदामातला नवा दोस्त, तो दारातच कुणाशी तरी खुर्च्यांबद्दल बोलत होता. खोलीत पंधरा बायका आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

तू माझ्यापुढे उकिडवा बसलास. मुलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मेहेर, सगळं म्हणून विचारलंस, कबूल आहे का? मी पहिल्यांदा गप्प राहिले. माझी दातखीळ बसली होती. दुसऱ्यांदा विचारलंस. मी म्हटलं, "नाही." हळू म्हटलं, पण तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. तिसऱ्यांदा तू विचारलंस तेव्हा मी तुझं मनगट धरलं आणि म्हटलं, "नको, भाई. नको." माझी ओढणी तुझ्या गुडघ्याला लागत होती. तू माझा हात सोडवलास, उभा राहिलास आणि म्हणालास, "रडतेय. लाजतेय. होकार आहे."

बायकांनी गलका केला. चाचांनी मान डोलावली. तू बाहेर जाऊन काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही, पण निकाह झाला म्हणून खजूर वाटल्याचा आवाज आला.

मला वाटलं तू चुकून बोललास. खरंच वाटलं. आता परत येशील, म्हणशील की थांबा. तू परत आलास तो नोंदवही घेऊन. आणि मी सही केली. हे मी लपवणार नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. सही चांगली सुवाच्य आहे, काझींच्या दप्तरात अजून असेल. निघताना अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "मनापासून आहे ना, बेटा?" आणि मी मान हलवली. तुझ्याबद्दल मला जेवढी किळस वाटते त्यातला थोडा वाटा त्या मान हलवणाऱ्या मुलीचाही आहे. अब्बांना एक शब्द सांगितला असता तर त्यांनी भर मांडवातून मला घरी आणलं असतं. मला तुझी लाज राखायची होती. कसली लाज, कपाळ माझं!

पंधरा दिवसांत तुला त्या गोदामात कायम केलं. नवरा शेठचा पुतण्या होता, मग शेठने तुला दुसरं काय द्यायचं म्हणा. त्या माणसाबद्दल मी काही लिहीत नाही. नऊ वर्षं त्याच्या घरात काढली, पुष्कळ झालं. मी खुला मागितला तेव्हा पंचांसमोर तू छाती पुढे काढून म्हणालास, "माझ्यासमोर हो म्हणाली होती. तेव्हा कुणी जबरदस्ती केली नाही." शेठ तुझ्या शेजारी बसला होता. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू छताच्या पंख्याकडे. मी तेव्हाही बोलले नाही, आणि ते तुझ्यासाठी नव्हतं. माझी लेक सहा वर्षांची होती, दारात उभी राहून चप्पल घालत होती. मी जर म्हटलं असतं की मी नाही म्हणाले होते, तर निकाहच झाला नाही असं झालं असतं, आणि मग लोकांनी त्या पोरीकडे बोट दाखवून काय म्हटलं असतं हे तुलाही माहीत होतं. तू त्याच भरवशावर बोललास. एवढी अक्कल तुला कुठून आली याचं मला अजून नवल वाटतं.

परवा रात्री तुझ्या मुलीचा फोन आला. ती गप्प बसलेली नाही, भाई. तिने भाभींना तीन वेळा नाही म्हटलंय, आणि भाभी म्हणाल्या, सगळ्याच मुली म्हणतात. तिला त्या मुलाशी निकाह करायचा नाही. कुणी दुसरा मनात नाही, कुठे पळून जायचं नाही. फक्त हा नको. माझ्याशी बोलताना ती अजिबात रडली नाही. तिने मला एकच विचारलं.

"फुफू, शुक्रवारी मी तोंडाने नाही म्हटलं, तर अब्बा बाहेर जाऊन काय सांगतील?"

मी तिला काही सांगितलं नव्हतं. अल्लाहची शपथ, एक अक्षर नाही. बावीस वर्षांची पोर स्वतःच्या बापाबद्दल हे विचारते, आणि तू मला लिहितोस की मुलगी तुझ्या शब्दाबाहेर नाही! बरोबर आहे की. तुझ्या शब्दात काय असतं ते तिने ओळखलंय.

काल मी माझ्या लेकीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती आधी स्वतःबद्दल विचारेल. तिने वहीचा कोपरा मुडपला. मग म्हणाली, "म्हणजे मामूंना ऐकू आलं होतं." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग लिही, अम्मी. माझ्याबद्दल कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे." तिच्याएवढी असताना माझ्यात तिच्या निम्मीही हिंमत नव्हती.

तेव्हा आता नीट वाच. शुक्रवारी निकाह पढवणार आहेत त्या काझीसाहेबांना मी आज सकाळी पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं. हे तुझं पत्र त्याच्या मागून निघतंय. त्यात मी लिहिलंय की बावीस वर्षांपूर्वी माझ्या वकिलाने माझा नकार होकार म्हणून बाहेर सांगितला, आणि तो वकील कोण ते नावानिशी लिहिलंय. खाली माझी सही आहे, तशीच सुवाच्य. त्यांना विनंती केली आहे की यावेळी वकिलावर सोडू नका, बायकांच्या पडद्यापाशी स्वतः या आणि मुलीचं उत्तर स्वतःच्या कानांनी ऐका. ते भले माणूस आहेत, ते येतील.

आता हिशेब मांडत असशील. शेठ काय म्हणेल, गोदामाचं काय होईल, बिरादरीत माझी काय छी-थू होईल. होऊ दे. माझीही होणार आहे, माझ्या पोरीचीही होणार आहे, आणि आम्ही दोघींनी ते कबूल केलंय. एकमेकींना विचारून.

मी गुरुवारी येते आहे. समोरच्या दाराने येईन. तुझ्या मुलीच्या शेजारी बसेन, तू म्हणालास तशी. समजूत काढणार नाही.

शुक्रवारपर्यंत तुला अजून वेळ आहे. काझीसाहेब पडद्यापाशी येण्याआधी तू आत जाऊ शकतोस. तिच्यापुढे बस, विचार, आणि ती जे म्हणेल ते तसंच्या तसं बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांग. शेठसमोर सांग. ते केलंस तर मी काझीसाहेबांच्या पाया पडून माझं पत्र परत मागून घेईन आणि पुन्हा या विषयाचं नाव काढणार नाही. तू ते करशील असं मला मुळीच वाटत नाही. जन्मात तुला कुणा मोठ्या माणसासमोर खरं बोलताना मी पाहिलेलं नाही. पण वाटत नसतानाही मी हे लिहिते आहे, कारण लहानपणी शाळेतून येताना माझं दप्तर तूच उचलायचास, आणि ते मला काही केल्या विसरता येत नाही.

भाभींना सलाम. मुलीला म्हणावं, फुफू येतेय.

जिचं 'नको' अजून तुझ्याकडेच पडून आहे, ती
तुझी धाकटी बहीण