टीव्हीवरचा नारळ

कोरगाव, पेडणे
ता. ६ जानेवारी

चि. सौ. सुविधास अ. उ. आ.

फोन केला तर तुझे कार्यकर्ते उचलतात आणि ताई बैठकीत आहेत असे मलाच, तुझ्या बापाला, सांगतात! म्हणून पत्र लिहायला घेतले.

काल केबलवर तुमचे डिबेट पाहिले. तुमच्या पक्षाने यंदा बरी टूम काढली आहे. तिकीट मागणाऱ्या तिघांना टीव्हीवर आपसात भांडायला लावायचे आणि मग सभासदांनी मते देऊन एकाला निवडायचे. आमच्याकडे सगळा शेजार लोटला होता. तुझी आई टीव्हीला इतकी चिकटून बसली की मागच्यांना तू दिसेनास. गौरेश दर वाक्याला आपल्या वडिलांचे नाव घेत होता. देवेश नुसता हसत होता. तुमच्या सर्वणच्या मागचा डोंगर बंगलेवाल्यांना द्यायला त्याचा पाठिंबा आहे का, असे तू तोंडावर विचारलेस तेव्हाही हसलाच. मी तर उठून उभा राहिलो. तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली आणि परत येईपर्यंत विषय बदललेला. त्या निवेदकाला मी जे बोललो ते कागदावर लिहिण्यासारखे नाही.

आणि मग त्याने तो नारळ काढला. तिकीट कोणालाही मिळो, पक्ष सोडणार नाही, त्याचेच काम करीन, अशी शपथ नारळावर हात ठेवून घ्यायची. दोघांनी पटकन हात ठेवले. तू मात्र हात मागे घेतलास. सकाळी पोदेराने पाव देता देता विचारले, की ताई आता कुठल्या पक्षात चालली. मला जेवण गेले नाही.

म्हणून आज देवळात जाऊन भटजींकडून तुझ्या नावाने गाऱ्हाणे घातले. नारळ ठेवून देवाला शब्द दिला, की सुविधा पक्ष सोडणार नाही, आणि सोडलाच तर पुन्हा माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. आता बोलू दे लोकांना काय बोलायचे ते. तू निश्चिंत राहा. जावयांना आशीर्वाद सांग.

सदैव तुझे भले चिंतणारा,
बाबा

सर्वण, डिचोली
ता. ९ जानेवारी

ती. बाबांस सुविधाचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र दोनदा वाचले. बाबा, हे काय करून बसलात तुम्ही? माझ्या तोंडचा शब्द मला न विचारता देवाला दिलात?

खोटेच बोलायचे असते तर मीही नारळावर हात ठेवला असता. तिकीट देवेशला गेले तर मी त्याचे काम करणार नाही, अपक्ष उभी राहीन, हे माझे आधीच ठरले होते. त्या डोंगराच्या पाण्यावर आमच्या कुळागराची माडा-पोफळीची झाडे जगतात. तो विकणाऱ्यासाठी दारोदार मते मागत फिरू? मनात हे असताना नारळाला हात लावायचा धीर मला झाला नाही. तो धाक तुम्हीच लहानपणी घातलात.

आता तुमचे जावई प्रज्योत म्हणतात, की पुढाऱ्यांचे शब्द हवेत जातात, बाबांचाही गेला असे समज. पण देवासमोर ठेवलेला शब्द तसा जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. गणेश चवथीला मी येणार की नाही? आई आजारी पडली तर? रात्रंदिवस हेच डोक्यात घोळते आणि सभेत भलतेच बोलून जाते. देवाकडे जा आणि ते गाऱ्हाणे सोडवून घ्या, एवढीच विनवणी.

रागावले आहे, तरी लोभ कमी करू नये.

आपली,
सुविधा

कोरगाव
ता. १२ जानेवारी

चि. सौ. सुविधास अ. उ. आ.

देवाला दिलेला शब्द म्हणजे काय बाजारातली भाजी आहे, आवडली नाही म्हणून परत करायला? आणि तिकीट तुलाच मिळणार, मग वाद कसला? तुझी आई माझ्याशी बोलत नाही. जेवणाचे ताट ठेवते आणि जनेलाकडे जाऊन बाहेर बघत बसते. काजूला मोहर बरा आला आहे, पण माझे लक्ष कशात लागत नाही. निकाल लागला की लगेच कळव.

तुझा,
बाबा

सर्वण
ता. १७ जानेवारी

ती. बाबांस कृ. सा. न. वि. वि.

निकाल लागला. तिकीट देवेशला मिळाले. गौरेश त्याच संध्याकाळी दुसऱ्या पक्षात गेला, नारळाला हात लावून पंधरा दिवसही झाले नव्हते.

अपक्ष म्हणून अर्ज भरायची मुदत परवा संपते. मी भरणार आहे, बाबा. माहेर तुटेल म्हणून रडून झाले, पण डोंगर गेल्यावर मी इथे कोणाला तोंड दाखवू? हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे. उत्तर त्याच्याकडेच द्या. आईला जपा, आणि ती विचारील तेव्हा मी बरी आहे असे सांगा.

तुमच्या मायेची भुकेली,
सुविधा

कोरगाव
ता. १८ जानेवारी

चि. सौ. सुविधास अ. उ. आ.

पत्र मिळताच आंघोळ करून देवळात गेलो. शब्दातून सोडव म्हणून देवाकडे प्रसाद मागितला. भटजींनी कौलाच्या पाकळ्या मूर्तीला लावल्या. उजवी पडली तर सुटका. डावी पडली. पुन्हा लावायला सांगितल्या, पुन्हा डावीच. भटजींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितले. इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, सुविधाने आपल्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही एवढेच तुम्ही बोललात ना? मग आपण तिच्याकडे जाऊ.

लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही ही आपली रीत. माझ्या आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, आणि मी तुझ्या लग्नापासून आजवर तुमच्याकडे घोटभर चहापलीकडे काही घेतले नाही. देवाचा शब्द मोडणे माझ्या हातात नाही. ही रीत मोडणे आहे.

तू अर्ज भर. आम्ही दोघे उद्या पहिल्या बसने निघतो. चवथीलाही तिथेच असू. तुझ्या सासूबाईंना सांग की थोडे पथ्याचे जेवण लागते, बाकी काही त्रास नाही. मतदारांकडे जाताना मला बरोबर ने. उमेदवाराचा बाप म्हणून चार शिव्या मी खाईन.

लोभ आजवर पत्रातून मागत होतो, आता समोर बसून मागायला येतो.

तुझा,
बाबा