पाटीलसरांच्या गाडीतली डायरेक्ट वायर

४ मार्च
पाटीलसरांची गाडी आली. सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही. शाळेत मला गणित शिकवलं सरांनी. आज माझ्या शनवाऱ्यातल्या गॅरेजात स्टुलावर बसून घड्याळ बघत होते. "वसंता, दुपारी खंडव्याले पोचणं आहे मले." टाकीतला पेट्रोलचा पंप मुका. पंप ठीक, त्याला करंट देणारा रिले ठीक, पण कॉम्प्युटरचा हुकूम रिलेपर्यंत येतच नाही. उंदरांनी तार खाल्ली असणार. डॅशबोर्ड उघडायचा कंटाळा. चावीवरून पंपाला सरळ वायर ओढली. गाडी चालू. सर खूश, मी त्याहून.

९ मार्च
खंडव्याचे इलेक्ट्रिशियन रफीकभाई आले होते, दुसऱ्या गाडीसाठी. त्यांना फुशारकीने वायरीचं सांगितलं. "उस्ताद, ये क्या किया?"
त्यांनी समजावलं, चावी दिली की कॉम्प्युटर पंप दोन सेकंद चालवतो, नळीत दाब भरतो, थांबवतो. इंजिन फिरतंय असं सेन्सरने कळवलं तरच पंप पुढे चालू. इंजिन थांबलं की बंद. माझ्या वायरीने मात्र चावी असेपर्यंत चालूच. "टक्कर में इंजन बंद, पंप चालू, तो? नली टूटी तो पेट्रोल फेंकता रहेगा."
तीस वर्षं जुन्या गाड्यांचे कार्बुरेटर खोलले. हे ठाऊक नव्हतं.

१० मार्च
सरांना फोन. गाडी आणा म्हटलं.
"काहून? मस्त चालते ना."
चूक सांगायला जीभ रेटेना. "जरा चेक करायचंय."
"सोमवारी आणतो."
बरं म्हणालो. गाढव.

१२ मार्च
बहादरपूरला सरांच्या घरीच जाऊन यावं. अर्ध्या तासाचं काम. गिऱ्हाईक आलं, जाणं राहिलं.

१३ मार्च
चांदनी गावाजवळ सरांची गाडी नाल्यात. बघणारे सांगतात, इंजिन बंदच पडलं होतं. सर पट्टा सोडत होते. खालून भडका.

१५ मार्च
दवाखाना. सरांचे दोन्ही हात पट्ट्यांत. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "वसंताने तर आपणहून फोन केला व्हता, गाडी चेक करू म्हणे. यायनीच ऐकलं नाही." सरांनी मान हलवली, माझंच चुकलं म्हणून. मेलो असतो तर बरं.

१८ मार्च
सरांचा मुलगा आला. "भाऊ, आग कशी लागली, विमावाले विचारतात. तुम्हीच लिहून द्या. बाबांचा तुमच्यावरच भरोसा आहे."
गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आहे, बघून आलो. वायर जळून गेली. कुणालाच कळणार नाही.
कागद घेतला. तारीख टाकली, गाडीचा नंबर टाकला. खाली 'मी' लिहिलं. सकाळपासून तेवढंच.