प्रांजलच्या चिठ्ठ्या

म्हसवड, ६ ऑक्टोबर २०२४

ती. तात्यांस, शरयूचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. इथे सकाळी माळावर धुकं असतं. त्यात मेंढरं चालली की जमीनच हळूहळू सरकतेय असं वाटतं. शिकवता शिकवता मी खिडकीतून बघत राहते, मुलं खुदुखुदू हसतात. मी अजून तशीच तंद्रीखोर आहे.

पण एक घोर लागलाय. सहावीतली प्रांजल, मेंढपाळ आकारामांची मुलगी, रोज रडत घरी जाते. आजवर आजीजवळ राहून शिकली. आता मात्र साळा लय झाली, दिवाळीनंतर पोरगी मेंढरांसंगं न्हेतो, असं ते सांगून गेले. वर्गाला विचारलं, तर तिला कुणीच छळत नाही म्हणे! मग ती रडते का, पुराव्यानिशी बोला म्हटलं, तर कुणीतरी चिडवतं असं निम्म्यांना नुसतं 'वाटतं', निम्म्यांनी 'ऐकलंय'. पोरगी हातची जाईल हो तात्या. काय करू?

तुमची शरयू

सांगली, ११ ऑक्टोबर

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

बत्तीस वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या, त्यांचा लेकीला उपयोग होईल असं स्वप्नातही नव्हतं. अगं, 'वाटतं' आणि 'ऐकलंय' यांना कोर्टात कुणी चहासुद्धा विचारत नाही! प्रत्येकाने एकट्याने लिहायचं: काय पाहिलं, कधी, कुठे. खाली सही. प्रांजलला मात्र उभी करू नकोस. जिचं दुखतं तिलाच पुरावा मागायचा, ही आपली जुनी खोड. आणि बाईसाहेब, त्या वर्गात आपणही असता, हे विसरू नका.

संध्याकाळी घाटावर बसतो. कृष्णेकडे बघता बघता तास निघून जातो. तंद्री कुणाकडून आली ते कळलं ना?

जेवणाची आबाळ करू नकोस.

तात्या

म्हसवड, २० ऑक्टोबर

ती. तात्यांस शि. सा. नमस्कार.

एकवीस चिठ्ठ्या आल्या. मंगळवारी शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी आपणच तिला बें बें केलं, असं मल्हारने सही करून लिहिलं. तिच्या अंगाला वास येतो असं आपण म्हटल्याचं उत्कर्षाने लिहिलं. मला भरून आलं. मग पुढच्या वाचल्या. नऊ जणांनी एकच लिहिलं होतं: जूनमध्ये बाईंनी तिला खिडकीशी एकटीला बसवलं, तेव्हापासून आम्ही तिच्याजवळ जात नाही.

तात्या, तिला तिची मेंढरं दिसावीत म्हणून बसवलं होतं हो! तिला आवडेल असं मला वाटलं. वाटलं! विचारलं कधीच नाही.

शुक्रवारी आकाराम आले. मुलांच्या संमतीने मी त्यांना चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. शेवटी माझी: जून, खिडकी, मी बसवलं, सही. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, की आजवर आमचं दुखणं कुणी लिवून घ्येतलं न्हवतं. माझी चिठ्ठी मागून घेतली, घडी करून फेट्यात खोवली. पोरगी आजीपाशीच ऱ्हाईल, म्हणाले.

मग मी प्रांजलला पहिल्यांदाच विचारलं, तुला कुठे बसायचंय. तिने उत्कर्षाच्या बाकाकडे बोट केलं. उत्कर्षा किती तरी वेळ हललीच नाही. शेवटी तिने शेजारचं दप्तर उचललं आणि मांडीवर घेतलं.

तुमची माया आहेच, माझे कानही असेच उपटत राहा.

तुमची शरयू