मोकळ्या जागेची व्यवस्था

मी, विपुल पुंजाराम चर्जन, वय एकोणतीस, शिक्षण बारावी नापास, धंदा फुलविक्री व पूर्वी शाळेत तासिकेवर शिकवणी, राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपुरात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरतो.

१. बाजारातलं फुलांचं दुकान बाबांच्या नावावर आहे व त्यांचंच राहील. माझं बँकेत जे असेल ते आईला, इंदूबाईला, द्यावं.

२. पसरट मातीची भांडी, कात्री आणि फुलं उभी खोचायची काटेरी पितळी चकती, जिला केन्झान म्हणतात, हे सर्व मला अमरावतीच्या लीलाबाईंनी दिलं. मी त्यांच्याकडे पूजेची फुलं पोचवायचो. त्या यजमानांसोबत जपानात राहिलेल्या होत्या व तिथली पुष्परचना, इकेबाना, शिकलेल्या होत्या. त्यांनीच मला ती शिकवली : एक काडी लांब, एक मध्यम, एक आखूड. उरलेली मोकळी जागाही रचनेतच धरायची. हारवाल्याच्या पोराला हे समजायला फार दिवस लागले.

हे सामान रागिणीला द्यावं. ती माझ्या वर्गात आठवीत होती. शाळेने मागितलं तरी देऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

३. त्या शाळेत मी इकेबाना शिकवत होतो. आमच्याकडे बांबू आणि चेरी कुठून येणार? म्हणून मुलांकडून वाळलेली पऱ्हाटी आणवली. कापूस वेचून झाल्यावर उरलेली बोंडाची काडी, जिने आम्ही चूल पेटवतो. तिच्या वाकड्या फांदीसारखी फांदी शोधून सापडत नाही. जपानी पाहुणे येणार म्हणून मुलांनी प्रत्येक भांड्यात एक पऱ्हाटी, एक शेवंतीचं फूल आणि गवताची एक पात मांडली. मी कपडे बदलायला गेलो. स्टेजसाठी हार घेऊन बाबा आले आणि भांडी पाहून गलबलले. मी परत येईपर्यंत त्यांनी सगळी भांडी झेंडूने गच्च भरून टाकली होती.

मला म्हणाले, "कावून रे, फुलं सरले होते तं सांगाचं ना. बाप कायले हाये तुहा?"

मुख्याध्यापक खुशालराव सर मागे उभे होते. ते म्हणाले, "आता कसं भरल्यावानी दिसून राहिलं, पुंजारामभाऊ. आधी तं वाटे, चुलीचं जळन मांडून ठेवलं."

रागिणी तेवढी रडली. "सर, तुमच्या बाबानं माही मोकळी जागा बुजवून टाकली."

पाहुण्यांनी झेंडूचं कौतुक केलं. पाहुणेच ते, दुसरं काय करणार. पुढच्या सत्रात सरांनी माझी तासिका त्यांच्या सुनेला, करिश्माला, दिली. दारावर पाटी अजून 'जपानी कला वर्ग' अशीच आहे. आत झेंडू आणि चमकी चालते.

४. शाळेने मला दिलेला त्या दिवसाचा फ्रेम केलेला फोटो खुशालराव सरांना परत द्यावा. त्यात मी नाही.

५. बाबांशी मी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलतो. त्यांना आपलं काय चुकलं ते आजही माहीत नाही. त्या कार्यक्रमाचं पेपरातलं कात्रण त्यांनी दुकानात देवाशेजारी लावलं आहे व गिऱ्हाइकाला दाखवतात, "माह्या पोराचा कारेक्रम." माझ्यामागे ते कोणी काढायला लावू नये व हे कलम त्यांना वाचून दाखवू नये.

६. शाळेकडून पुष्पचक्र आल्यास घेऊ नये. बाबा माझ्यावर फुलं टाकतील, टोपलीने टाकतील. त्यांना अडवू नये, त्यांना माया करायची दुसरी तऱ्हा येत नाही. फक्त माझ्या मित्राने, शेखरने, शेजारी उभं राहून माझा चेहरा उघडा ठेवावा. तेवढी जागा मोकळी असू द्यावी.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून शेखरला काही दिलेलं नाही. मैत्री कमी होती असं कोणी समजू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहून दोनदा तपासला आहे. सहीच्या वर कागद कोरा राहिला होता, तिथे आडवी रेघ मारली आहे. मागून भरणारे पुष्कळ असतात.

सही : विपुल पुंजाराम चर्जन

साक्षीदार :
१. शेखर वामनराव गावंडे, दर्यापूर
२. देवीदास पंजाबराव होले, तेल्हारा, जि. अकोला

ठिकाण : दर्यापूर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५