टाकीची तोटी

डोंबिवली, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९२. संध्याकाळ.

आमचे हे पाणबुडे, त्यांची पाण्याखाली श्वास घ्यायची हवेची टाकी आमच्या पलंगाखाली. "तोटीला तेलाचा थेंब लागला तर हवा भरताना भडका उडेल," हे मला शंभरदा बजावलंय. परवा खंडेनवमीला सासूबाईंनी हत्यारांच्या पूजेत टाकी मांडली. तोटी नुसती चकचकत होती. मला वाटलं, ह्यांनीच पुसली असेल. विचारलं का नाही मी?

आज सकाळी टाकीत हवा भरायला हे ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला गेले. दुपारी येणार होते. पलंगाखालचा केर काढताना खोबरेलाचा वास आला. शेजारून वर्कशॉपला तीनदा फोन लावला, नुसता वाजतोय.

शेवटी सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "अगं, तोटीत बोट घालून आतूनपण लावलंय. गंजायला नको."